साधी सर्दी

"साधी सर्दी आहे, माई. दुसरं काही नाही," असं ती भिंतीवरून म्हणाली आणि म्हणून झाल्यावर तिच्या ध्यानात आलं, की हे वाक्य आपलं नव्हे. तोंड आपलं, आवाज आपला. पण वाक्य कुणाचंतरी, फार पूर्वी घडी घालून ट्रंकेच्या तळाशी ठेवलेलं, आणि आज बाहेर काढलं तर घड्या जशाच्या तशा. पलीकडे माईंनी कानामागे धरलेला पंजा खाली घेतला. "मग झालं तर," त्या म्हणाल्या. "डॉक्टरीणबाई सकाळीच पिशवी घेऊन शिरली, म्हटलं काय वाढून ठेवलंय कुणास ठाऊक. उद्या संध्याकाळी येते मग तुझी ती बेवारस कोंबडी न्यायला, अंड्यांवर बसवायला. अकरा अंडी निवडून ठेवलीत बघ, एकेक उजेडासमोर धरून. एकालाही तडा नाही." आणि त्या गेल्या, पदराला हात पुसत, आपल्या तीस कोंबड्यांच्या गलक्यात, जो त्यांना स्वतःला फारसा ऐकू येत नसे. ती मात्र छातीइतक्या उंच भिंतीला टेकून तशीच उभी राहिली. विटांच्या सांध्यातून मुंग्यांची एक रांग वर चालली होती. तिकडे जाणारी मुंगी आणि तिकडून येणारी मुंगी वाटेत थांबत, तोंडाला तोंड लावत आणि आपापल्या रस्त्याला लागत. काय सांगत असतील? सांगण्यासारखं सगळं सांगत असतील का?

गल्लीत तिला पुढेचला म्हणत. सव्वीस वर्षं बसमध्ये उभं राहून "पुढे चला, पुढे चला, मागच्यांना जागा द्या" असं ओरडून तिचा गळा असा काही तयार झाला होता की स्वयंपाकघरात मीठ मागितलं तरी कोपऱ्यावरच्या दुकानदाराला वाटे, आपल्यालाच हाक आली. नवरा, जो पुढच्या खोलीत रेडिओ दुरुस्त करत बसे, म्हणायचा, "हिचा आवाज कमी करायचं बटण मला अजून सापडलेलं नाही." पण माईंशी तिचं सूत जुळलं ते ह्या गळ्यामुळंच. माईंचा डावा कान पूर्ण गेलेला आणि उजवा जाण्याच्या तयारीत. लोक त्यांच्याशी आधी मोठ्यानं बोलत, मग हातवारे करत, मग नुसतं हसून निघून जात. पुढेचला एकटी अशी, की जिला माईंसाठी वेगळा आवाज काढावा लागत नसे. माई म्हणत, "तू बोललीस की वाटतं, अजून जग चालू आहे." माईंनीच तिला कोंबड्यांचं वेड लावलं. पहिल्या दोन तलंगा त्यांनीच भिंतीवरून दिल्या. तलंग म्हणजे अजून अंडं न दिलेली कोवळी कोंबडी, हाही शब्द त्यांनीच दिला. त्यांचं पोट ह्याच धंद्यावर होतं. अंडी गल्लीत जात, तलंगा गल्लीपलीकडच्या दहाबारा घरी, आणि सगळे म्हणत, माईंचा पक्षी म्हणजे डोळे मिटून घ्यावा.

डॉक्टरीण वयानं लहान होती, पण कोंबडी धरायची तर अशी, जणू कुणी झोपलेलं मूल उचलतंय. त्या सकाळी तिनं परसात एकेकीला पाहिलं, चोच उघडून घशात डोकावली, डोळ्यांच्या कोपऱ्यातून बोट फिरवलं. फेस नव्हता. महिन्यापूर्वी होता, साबणाचा बुडबुडा डोळ्यात अडकून बसावा तसा, आणि काळीचा एक गाल सुजून लिंबाएवढा झाला होता. तेव्हा हिनंच घशातून कापूस फिरवून तपासायला पाठवला होता, पाण्यातून द्यायचं औषध लिहून दिलं होतं आणि खुराड्याला थंडी लागू नये म्हणून चारी बाजूंनी ठोकलेलं प्लास्टिक आपल्या हातानं टराटरा फाडलं होतं. "कोंडून ठेवलंत तर स्वतःच्याच विष्ठेच्या वाफेत मरतील. वारा हवा, ओल नको." आता म्हणाली, "बऱ्या दिसतायत." "दिसतायत ना?" पुढेचलाला केवढं बरं वाटलं. "दिसतायत. पण कापसाचा निकाल आला. औषधानं शिंक गेली, रोग नाही गेला. तो आत बसलाय. थंडी पडली, जागा बदलली, खुडूक बसून अंग झिजलं की परत डोकं वर काढेल. आणि ह्यांना काही झालं नाही, तरी ह्या दुसरीला देतील. श्वासातून, पाण्याच्या भांड्यातून, अगदी अंड्यातून पिल्लालासुद्धा. जन्मभर. माणसांना ह्याचं काही नाही, औषधाचे दिवस संपले की अंडी खायलाही हरकत नाही. पण पक्ष्यांत ह्याला आम्ही वाहक म्हणतो." एवढं बोलून तिनं वर पाहिलं तर दोरीवर गणवेश वाळत होता आणि त्याच्या खिशावर पितळी अक्षरांत तोच शब्द लखलखत होता. बिचारी कानापर्यंत लाल झाली. दारात उभ्या नवऱ्यानं वेळ सावरली. "चालू द्या, डॉक्टर. घरात आता सगळे वाहकच. चालक तेवढा मी." सगळे हसले. कोंबडासुद्धा मान वाकडी करून बघत राहिला. मग डॉक्टरीण पिशवी आवरत म्हणाली, "दोन रस्ते आहेत. सगळ्या काढून टाकायच्या, खुराडं धुऊन महिना-दोन महिने मोकळं ठेवायचं, नव्यानं सुरुवात करायची. नाहीतर ह्या ठेवायच्या आणि दार बंद. बाहेरचा पक्षी आत नाही, आतला बाहेर नाही, उबवायला अंडं कुणाला नाही. शेवटची कोंबडी म्हातारी होऊन जाईपर्यंत. शेजारी आहेत का कुणाकडे?" "आहेत. पलीकडे." "सांगा त्यांना." "सांगते," ती म्हणाली, आणि ती मनापासून म्हणाली होती. पाऊण तासानं माईंनी भिंतीवरून विचारलं आणि तोंडातून भलतंच निघालं.

कुठं माशी शिंकली, हे तिला पक्कं ठाऊक होतं. माशी नव्हतीच, कोंबडी होती. दोन-अडीच महिन्यांपूर्वी शेवटच्या थांब्यावर बस रिकामी झाली आणि तिनं नेहमीप्रमाणे बाकांखालून नजर फिरवली, तर मागच्या सीटखाली झाकणाची टोपली, आणि टोपलीत एक तपकिरी कोंबडी, शांत, एखाद्या उतारूसारखी. विसरलेल्या वस्तू डेपोत जमा करायच्या असा नियम, आणि तिच्या हातून सव्वीस वर्षांत एक छत्रीदेखील नियमाबाहेर गेली नव्हती. डेपोतला कारकून वहीत बघत म्हणाला, "छत्री, डबा, चष्मा, कवळी, सगळ्याला रकाना आहे. जीव असलेल्याला नाही. तिकीट काढलं होतं का हिनं?" शेवटी त्यानं 'बेवारस, एक नग' असं लिहिलं, तीन दिवस टेबलाखाली ठेवली, तिनं तिथं फायलींवर एक अंडंही दिलं, आणि चौथ्या दिवशी कुणी आलं नाही तेव्हा कारकून म्हणाला, "बाई, तुम्हीच न्या, माझ्या फायली उबवायला लागलीय ही." तिनं आणली. नवी कोंबडी आणली की दिवस मावळताना जुन्यांच्या मधे हळूच बसवायची, म्हणजे सकाळी त्यांना वाटतं, ही आपलीच. ही युक्ती तिला माईंनी शिकवली होती. भांडण होऊ नये म्हणून शिकवली होती. भांडण झालं नाही. पंधरवडा वेगळं ठेवून बघावं हे कुणी शिकवलं नव्हतं. आणि गंमत अशी, की सगळ्या शिंकल्या, सगळ्यांचे डोळे आले, तुरेवाली तर दोन दिवस मान आत घेऊन दगडासारखी बसली, बेवारस ठणठणीत. तिला आधीच केव्हातरी, कुणाच्यातरी परसात होऊन गेलं होतं. ती आपली टोपलीत बसून आली होती, कुणाचं काहीही वाईट चिंतल्याशिवाय. आणि आता तीच खुडूक झाली होती. पिसं फुलवून, डोळे अर्धे मिटून, रिकाम्या कोपऱ्यावर बसून राहायची. हात लावला की घशात गुरगुरायची. माईंच्या कोंबड्या अंडी देत पण बसत नसत, त्यामुळे हिचं खुडूक बसणं म्हणजे माईंना सणच.

दुपारी जेवताना नवरा म्हणाला, "एवढं कसलं तोंड करून बसलीस? सांग की उद्या, खुडूक उठली म्हणून. कोंबडीचं काय, आज बसेल, उद्या उठेल. तीही खूश, तूही मोकळी."

"आणि त्यांच्या कोंबड्यांचं?"

"त्यांचं काय? आपली कोंबडी गेलीच नाही तिकडे."

"मी गेले होते." तो घास तोंडाशी धरून थांबला. "माई लेकीकडे गेल्या होत्या दोन दिवस, आठवतं? दाणा-पाणी मीच बघत होते. हीच चप्पल, हीच बादली. आपल्याकडे नुकत्याच शिंका सुरू झाल्या होत्या."

"झालं असतं तर एव्हाना त्यांना कळलं असतं."

"कशानं कळणार? पहिली खूण ती शिंकच. आणि त्यांना शिंक ऐकू येते का?"

नवऱ्यानं घास खाल्ला. मग बराच वेळ भातातून एकच शीत बाजूला करत राहिला. "बघ बाई," तो म्हणाला, "रेडिओ असता तर उघडून सांगितलं असतं."

दुपारच्या पाळीला बस निम्मी रिकामी होती. अशा वेळी ती मागच्या दारापाशी, दांड्याला कोपर अडकवून उभी राहायची, आणि बस जशी हेलकावे खाई तसं मन हेलकावे खाई. मधल्या बाकावर एक माणूस खोकत होता, रुमालात, शिष्टाचारानं. त्याच्या शेजारची बाई हळूच खिडकीकडे सरकली. वाहक. सव्वीस वर्षांत ह्या शब्दाकडे तिनं कधी पाहिलंच नव्हतं. खिशावर होता, आणि खिशावरचं आपल्याला उलटं दिसतं. वाहणं. पाणी वाहतं, नाक वाहतं, जखम वाहते. हमाल ओझं वाहतो. आई काळजी वाहते. माणूस शपथ वाहतो, फुलं वाहतो. एकाच शब्दाच्या एका टोकाला फुलं आणि दुसऱ्या टोकाला शेंबूड, आणि मधे सगळी माणसं, इथून तिथं काहीतरी नेणारी, काय नेतोय हे बहुतेकदा न बघता. आपण किती लाख माणसं नेली. त्यांतला कुणी कुठं काय घेऊन उतरला? आपलं काम घंटी वाजवायचं. कोपऱ्यावर बस कलली, आणि कलता कलता घडी उलगडली. वाक्य कुणाचं ते तिला कळलं. आईचं.

ती सात वर्षांची होती, आणि तिचा डांग्या खोकला बसत आला होता. बसत आला होता म्हणजे दिवसभर काही नाही, फक्त एखादी उबळ यायची, शेवटी श्वास आत घेताना कोंबडा आरवल्यासारखा लांब आवाज व्हायचा, आणि मग ती पुन्हा खेळायला पळायची. मावशी दारात उभी होती. हातात बाळ, पायाशी पिशवी, कपाळावर घाम, दोन वर्षांनी आलेली. आत यायच्या आधी तिनं विचारलं, "पोरगी खोकतेय का गं?" आणि आई म्हणाली, "साधी सर्दी आहे. दुसरं काही नाही. ये ना आत." ते 'ये ना आत' तिला आता पहिल्यांदा नीट ऐकू आलं. इतकी वर्षं तिनं आईला मनात उभं करून एकच विचारलं होतं, का खोटं बोललीस. आणि आई एकच करायची, पाठ वळवून भांडी घासायची. पण खोटं 'साधी सर्दी' मध्ये नव्हतंच. ते तर नुसतं दार उघडायचं कडी-कोयंड्याचं काम होतं. सगळं होतं ते पुढच्या तीन शब्दांत. दोन वर्षांनी सख्खी बहीण उंबऱ्यावर आली आहे. खरं सांगावं तर ती तिथूनच मागे फिरेल, आणि फिरायलाच हवी. आई धूर्त नव्हती. आईला भूक लागली होती. मावशी चार दिवस राहिली. दोघी रात्रंदिवस बोलत होत्या, हसून हसून आईच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, असं हसणं त्या घरात त्याआधी झालं नव्हतं. आणि सात वर्षांची ती, बाळाला मांडीवर घेऊन त्याच्या कपाळावरच्या विरळ केसांवर फुंकर घालत होती. फुंकर घातली की ते डोळे मिचकावायचं, खुदकन हसायचं आणि वाट बघायचं. परत, परत. तिला अजून आठवत होतं, तिच्या श्वासानं ते केस कसे दुभंगत. महिन्यानं पत्र आलं. आईनं ते उभ्यानंच वाचलं, घडी केली, पिठाच्या डब्याखाली ठेवलं. बाळ गेल्याचं तिला कळलं ते तिनं एकदा पत्र काढून वाचलं तेव्हा. मावशी पुन्हा आली नाही. घरात 'सर्दी' हा शब्दच बंद झाला. नाक वाहतंय म्हणत. फक्त भांडी घासताना आई कधीकधी पाण्याच्या धारेखाली आपल्याशीच गुणगुणायची,

अंगणात माझ्या कोण येऊन ती गेली,
पाणी पिऊन गेली, तहान ठेवून गेली.

"बाई, थांबा गेला ना माझा," खोकणारा माणूस तिच्यासमोर उभा होता. तिनं घंटी वाजवली. "बोलायचं ना मग मोठ्यानं," ती म्हणाली. तो ओशाळला. "आवाज बसलाय," तो कुजबुजला. त्याला उतरवून बस निघाली तेव्हा तिनं सगळ्या खिडक्यांच्या काचा, एकेक करत, मागपासून पुढपर्यंत उघडल्या.

दुसऱ्या दिवशी तिची सुट्टी होती. सकाळी तिनं खुराड्याच्या दारापाशी वेगळ्या चपला ठेवल्या, तिथल्यापुरत्या, आणि एक जुना सदरा खुंटीला अडकवला. भांडी उकळत्या पाण्यातून काढली, ओला भुसा काढून कोरडा पसरला. खाली बसून तिनं काळीला उचललं आणि तिच्या पाठीला कान लावला. बसचं इंजिन कुठं अडतंय हे ती चालकाच्या आधी सांगायची. कोंबडीचंही आता तिला कळायचं. निरोगी कोंबडीच्या आत काही ऐकू येतच नाही, नुसती ऊब आणि फार खाली, फार जलद एक धडधड. आजारी कोंबडीच्या आत कुणीतरी ओल्या रेतीवरून चालतं. काळीच्या आत कुणी चालत नव्हतं. तुरेवालीच्याही नाही. आतला पाहुणा बसला होता, पाय दुमडून, आवाज न करता. काढून टाकाव्यात सगळ्या? तिनं स्वतःला विचारून पाहिलं. डॉक्टरिणीनं पहिला रस्ता आधी सांगितला होता, म्हणजे तोच सरळ असणार. तिनं बेवारसकडे पाहिलं. ती कोपऱ्यात रिकाम्या जागेवर पसरून बसली होती, एकही अंडं नसताना, सगळ्या अंगानं ऊब देत. तिच्या पोटाखाली हात घातला तर जळजळीत. नाही. दार बंद. ह्या इथंच म्हाताऱ्या होतील, आणि मी दाराशी बसेन. हे ठरलं तसं तिला हलकं वाटलं, आणि लगेच कळलं, की हे तर सोपं होतं. हे भिंतीच्या अलीकडचं होतं. भिंतीपलीकडे माई होत्या. आजवर आपण बोललो की जग चालू आहे असं वाटणाऱ्या त्या एकट्या. उद्यापासून त्या भिंतीशी यायच्या थांबल्या, तर आपला हा एवढा मोठा आवाज घेऊन आपण कुणाकडे जाणार? आईची भूक तिला पोटात कळली, अगदी जागेवर, बेंबीच्या वर. आणि एक गंमत अशी, की कुजबुजत सांगण्यासारखं जे होतं ते कुजबुजता येणार नव्हतं. मनात तिनं शंभर वेळा माईंचा हात हातात घेऊन, हळू, मायेनं सांगून पाहिलं. मनातल्या माई ऐकत होत्या. खऱ्या माईंना ते ऐकूच आलं नसतं.

संध्याकाळी माई आल्या त्या सजून आल्यासारख्या. डोक्याला स्वच्छ रुमाल, हातात टोपली, टोपलीत गवताची गादी. "दे गं पाहुणी," त्या म्हणाल्या.

"माई, नाही देता येत."

"काय?"

"देता येत नाही, म्हणते. कोंबडी."

"उठली का खुडूकातून?"

निसटायचं दार उघडं होतं. नुसती मान हलवायची होती. तिनं भिंतीवर दोन्ही हात ठेवले. विटा दिवसभराच्या उन्हानं अजून कोमट होत्या. "नाही उठली. बसलीय. पण काल मी खोटं बोलले. साधी सर्दी नव्हती ती."

"वर्दी? कसली वर्दी?"

"सर्दी, माई. डॉक्टरीण म्हणाली, माझ्या कोंबड्या वाहक आहेत."

माईंनी पंजा कानामागे नेला. "कोण वाहक?"

"वाहक. वाहक आहेत."

"अगं, तू वाहक आहेस हे मला माहीत नाही का?" माई हसल्या. "कोंबडीचं बोल."

कोपऱ्यावरच्या दुकानापाशी उभे असलेले दोघं-तिघं वळून बघू लागले होते. समोरच्या घराच्या वरच्या खिडकीत एक बाई कपडे गोळा करता करता थांबली. तिच्याकडे माईंच्या चार तलंगा होत्या. मग पुढेचलानं तो शब्द सोडून दिला, आणि दुसरा कुठलाही चांगला शब्द शोधायचा नाद सोडला. तिनं श्वास घेतला आणि ज्या आवाजात ती भरल्या बसला मागच्या दारातून पुढच्या दारापर्यंत हलवायची त्या आवाजात म्हणाली, "माझ्या कोंबड्यांना रोग आहे. श्वासाचा. बऱ्या दिसतात, पण तो जात नाही. ही कोंबडी तुमच्याकडे आली तर तुमच्या सगळ्यांना लागेल. आणि कदाचित लागलाही असेल. तुम्ही लेकीकडे गेला होतात तेव्हा मी ह्याच चपलांनी तुमच्या परसात आले होते. काल मला ठाऊक होतं, तरी मी सांगितलं नाही."

पुढच्या खोलीतला रेडिओ बंद झाला. माईंचा हात कानामागून खाली आला, पण लगेच नाही. आधी तो कानामागे तसाच राहिला, आणखी काही यायचं असेल तर यावं म्हणून. मग त्यांनी टोपलीतल्या गवताकडे पाहिलं. एक काडी बाहेर आली होती ती आत खोचली. "काल का नाही सांगितलंस?" त्यांनी विचारलं. रागानं नाही, रागाहून वाईट, खरंच जाणून घ्यायचं असल्यासारखं.

"तुम्ही परत भिंतीशी आला नसतात."

"आज येणार आहे का?"

माई वळल्या. त्यांची पाठ, रुमालाची गाठ, टोपली, एकेक करून कोंबड्यांच्या शेडच्या दारातून आत गेलं. वरच्या खिडकीतल्या बाईनं खिडकी लावून घेतली. नवरा मागच्या दारात येऊन उभा राहिला, तिच्या पाठीवर हात ठेवावा की नाही अशा अंतरावर. "चला आत," तो शेवटी म्हणाला. "थांबते थोडी," ती म्हणाली. का थांबायचं ते तिलाही माहीत नव्हतं. ऊन भिंतीच्या माथ्यावरून सरकून गेलं. मुंग्या घरी गेल्या. पलीकडे तीस कोंबड्यांचा गलका चालू होता, एकात एक मिसळलेला, बाजारासारखा. त्यातून एक श्वास वेगळा काढणं म्हणजे पावसातून एक थेंब ऐकणं. ती तरीही ऐकत राहिली.

शेडचं दार वाजलं. माई बाहेर आल्या. एका हातात बसायचं लाकडी स्टूल, दुसऱ्या काखेत पांढरी कोंबडी. त्या भिंतीपासून हातभर अंतरावर स्टूल ठेवून बसल्या, कोंबडी मांडीवर घेतली आणि तिचे पंख दोन्ही तळव्यांनी हलकेच मिटले.

"तुला कळतं ना कान लावून?" त्या म्हणाल्या. "मला नाही कळत. ऐक."

"मी हात नाही लावायचा, माई. जवळही आणू नका. माझ्या अंगावरून जाईल."

"मग लांबून ऐक. एवढं ओरडता येतं तर ऐकताही येत असेल."

तिनं घरात जाऊन अंगावरचे कपडे बदलले, कोपरापर्यंत हात धुतले, ओल्या हातांनीच परत आली आणि भिंतीवर वाकली. माईंनी कोंबडीचं तोंड तिच्या बाजूला केलं. डोळा स्वच्छ होता, काळ्या मण्यासारखा. तिनं आपला श्वास धरला. काही नाही, नुसतं पिसांचं पिसांवर घासणं. "हिला नाही," ती म्हणाली. माई तिच्या ओठांकडे बघत होत्या, बहिरी माणसं बघतात तसं, चेहऱ्यावरचं काहीही निसटू न देता. त्या उठल्या, पांढरीला सोडून दुसरी घेऊन आल्या. दुसरीलाही नव्हतं. तिसरीला नव्हतं. तिसरीनंतर माईंच्या खांद्यांतलं काहीतरी थोडं सैल झालं आणि त्या म्हणाल्या, "दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर मी सरळ डॉक्टरीण बोलावली असती. उद्या बोलावीनच. पण रात्र कशी काढू?" चौथी लहान होती, नुकती तलंग, करड्या मानेची. वरच्या खिडकीतल्या बाईकडे जायची होती ती, पुढच्या आठवड्यात. कोपऱ्यावरचे लोक आता उघडउघड बघत होते. खिडकी पुन्हा फटीइतकी उघडली होती. ती वाकली. पहिला श्वास कोरडा होता. दुसराही. तिसऱ्याच्या शेवटी, अगदी तळाशी, कुणीतरी ओल्या रेतीवर एक पाऊल टाकलं.

तिनं वर पाहिलं. माईंना चेहऱ्यावरूनच कळलं असणार, कारण त्यांनी तलंगेच्या मानेवरचा अंगठा फिरवायचा थांबवला.

"हिला आहे, माई," ती म्हणाली. तिच्या आयुष्यात ती इतक्या हळू आवाजात कधी बोलली नव्हती.

माईंनी खिडकीकडे पाहिलं, कोपऱ्यावरच्या माणसांकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"मोठ्यानं सांग," त्या म्हणाल्या. "तलंगा घेऊन गेलेत ना ते माझ्याकडून. ऐकू जाऊ दे सगळ्यांना."